कोर्ट उठेपर्यंत

“जावईबापू, कामात असाल तर निवांत या. घरी डीवायएसपी साहेब आल्यात. चहा टाकलाय.”

एवढं बोलून सासूबाईंनी फोन ठेवला. मी तेव्हा कराडच्या कोर्टाच्या आवारात उभा होतो, एका हातात झेरॉक्सचा गठ्ठा आणि दुसऱ्या हातात वडापाव घेऊन. वकिली सुरू करून फार दिवस झाले नव्हते. पण डीवायएसपी कुणाच्या घरी सहज चहाला जात नाहीत, एवढं मला कळत होतं. त्यात माझी बायको तृप्ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे त्याच घरात होती. तिला सातवा महिना लागला होता आणि डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलं होतं. वडापाव तिथल्याच कुणाच्या तरी हातात देऊन मी गाडीला किक मारली.

घरासमोर पोलिसांची जीप. पलीकडच्या गच्चीवर चार-पाच बायका वाळवणाचं निमित्त करून उभ्या. आत गेलो तर बाहेरच्या खोलीतल्या दिवाणाचं झाकण उघडं होतं आणि त्यातल्या पर्स सतरंजीवर मांडून दोन हवालदार त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवत होते. डीवायएसपी साहेब सोफ्यावर बसले होते. त्यांच्या पुढ्यात चहा आणि शंकरपाळ्यांची बशी. सासूबाई डोक्यावरून पदर घेऊन ट्रे धरून उभ्या.

“हे आमचे जावई,” त्यांनी साहेबांना ओळख करून दिली. “वकील हायत. लई हुशार.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “बरं झालं आलात, वकीलसाहेब. यांना जरा समजवा. आम्ही इथं पंचनामा करतोय आणि या बाई पंचांना सांगतायत, कुठली पर्स टिकते आणि कुठल्या पर्सची चेन महिन्यात तुटते.”

“मग काय चुकीचं सांगितलं?” सासूबाई म्हणाल्या. “त्यांच्याबी घरी बायका असत्यालच की.”

माझ्या सासूबाईंचं नाव मालन डुबल. सासरे एसटीत कंडक्टर होते. ते गेल्यावर घर खायला उठतं म्हणून सासूबाईंनी हा उद्योग सुरू केला. आधी गाऊन, मग परकर, मग मुंबईहून कुणीतरी पर्सचं एक पोतं आणून टाकलं आणि त्यांचं नशीब उघडलं. पर्सवर सोनेरी अक्षरांत ‘मोंतारिनी’ असं इंग्रजीत लिहिलेलं असायचं. ही कुठलीशी परदेशी कंपनी. तिची खरी पर्स घ्यायला आमच्यासारख्याला घर गहाण टाकावं लागलं असतं. सासूबाई तिला ‘मोतीराणी’ म्हणायच्या. अख्खी कॉलनी मोतीराणीच म्हणायची. दुपारी जेवणं उरकली की बायका यायच्या, दिवाण उघडायचा, पर्स खांद्याला लावून आरशात बघायचं, चहा व्हायचा, कुणाच्या सुनेचं काय आणि कुणाच्या नणंदेचं काय ते सगळं व्हायचं. पर्स विकली जावो न जावो, संध्याकाळपर्यंत घर भरलेलं राहायचं. पुढं व्हॉट्सॲपचा ग्रुप झाला आणि मोतीराणी इस्लामपूर, विट्यापर्यंत पोचली.

या धंद्यात सासूबाईंचा एक नेम होता, आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. आलेल्या प्रत्येक बाईला त्या आधी सांगायच्या, “ही खरी न्हाई बरं का. डुप्लिकेट हाय. खरी पायजे असंल तर पुण्याला जा. तिथं दारावरचा मानूस आपल्याला आत सोडत न्हाई, ती गोष्ट येगळी.” दुधात पाणी न घालणाऱ्या गवळ्याला असतो तसा त्यांना या गोष्टीचा अभिमान होता. आपण कुणाला फसवत नाही, म्हणजे आपण करतो ते बरोबरच आहे, असा त्यांचा सरळ हिशेब.

मी लग्नानंतर एकदा त्यांना म्हणालो होतो, “आई, यात धोका आहे.” तर त्या म्हणाल्या, “धोका कसा? मी सांगूनच विकते की!” आणि माझ्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली. जावयानं पुढं काही बोलायची सोयच ठेवली नाही.

“अहो, पण डीवायएसपी कशाला आले?” मी सासूबाईंना हळूच विचारलं.

उत्तर साहेबांनीच दिलं. “ट्रेडमार्कचा गुन्हा आहे. झडती घ्यायला याच हुद्द्याचा अधिकारी लागतो, नाहीतर मी कशाला येतोय पर्स बघायला.” हे ऐकून सासूबाईंची मान जरा ताठ झाल्यासारखी मला वाटली.

अंगणात पेरूच्या झाडाखाली एक तरुण मुलगी फाइल छातीशी धरून उभी होती. सासूबाईंनी खिडकीतून हाक मारली, “अगं, आत ये की! ऊन लागंल. चहा घे.”

“कोण आहे ती?”

“ती व्हय? गेल्या आठवड्यात आली हुती पर्स घ्यायला. साताऱ्याची म्हनाली. साखरपुड्यात द्यायला मोतीराणी पायजे म्हनाली. मी म्हनलं, बाई, ही डुप्लिकेट हाय, साखरपुड्यासारख्या कामाला नगो घिऊस, सासरच्यांनी वळखली तर जन्माचं बोलनं खाशील. तर म्हनली, न्हाई, हीच द्या. मग दिली. पोहे खाऊन गेली. जाताना कुंकू लावलं मी तिला.” सासूबाईंनी ट्रे खाली ठेवला. “कंपनीची मानूस हाय म्हनं ती.”

ती मुलगी आत आली नाही. मान खाली घालून फाइल चाळत राहिली.

मी कपाळाला हात लावला. या कायद्यात अशा माणसाला वाचायची एकच वाट असते. माल नकली आहे हे मला माहीत नव्हतं, मी फसवायच्या हेतूनं विकला नाही, हे पटवून द्यायचं. आणि माझ्या सासूबाईंनी नेमकी तीच वाट स्वतःच्या हातानं बुजवली होती. त्यांना वाटत होतं, खरं सांगितलं म्हणजे सुटलो. कायद्याच्या लेखी त्यांनी खरं सांगितलं म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. गिऱ्हाइकाची तक्रार नव्हतीच मुळी. तक्रार ज्याचं नाव वापरलं त्याची होती. हे मी त्यांना पुढं कितीदा तरी समजावलं. दर वेळी त्या म्हणायच्या, “त्या मोतीराणीवाल्याचं काय गेलं? त्याचं गिऱ्हाईक आमच्या कॉलनीत येनार हाय व्हय?”

त्या दिवशी अटक झाली नाही. हजर राहायची नोटीस देऊन आणि पोती जीपमध्ये घालून साहेब गेले. जाताना सासूबाईंना म्हणाले, “शंकरपाळ्या चांगल्या होत्या.” आतल्या खोलीत तृप्ती पडून होती. तिचे डोळे रडून सुजले होते. “आईला तुरुंगात टाकतील का?” तिनं विचारलं. मी नाही म्हणालो, पण माझाच आवाज मला पोकळ वाटला. सहा महिने ते तीन वर्षं अशी ती शिक्षा होती.

पुढं तृप्ती बाळंत झाली, मुलगी झाली. बारशाला अख्खी कॉलनी आली, पण दिवाण बंदच राहिला. बायका दुपारच्या येईनाशा झाल्या. पोलिसांनी कुणाकुणाला विचारलं होतं, त्यामुळं सगळ्या धास्तावल्या होत्या. सासूबाई बाळाला तेल लावत बसायच्या आणि मधूनच दाराकडं बघायच्या. खटल्यापेक्षा त्यांना त्याचंच जास्त लागलं होतं असं मला वाटायचं.

दोषारोपपत्र आलं आणि मी बचावाला लागलो. सासूबाईंचं वकीलपत्र माझंच. रात्रंदिवस डोकं खाजवून मी एक मुद्दा काढला, आणि तो सापडला तेव्हा घरात एकटाच नाचलो. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं! एक अक्षर नाही. ज्या बाईला पर्सवरचं नाव वाचता येत नाही, जी त्याला मोतीराणी म्हणते, तिला ते कुणाचं नाव आहे, खरं की खोटं, हे काय कळणार? घाऊक विक्रेत्यानं दिलं, तिनं विकलं. डुप्लिकेट म्हणाली ती आपली स्वस्त या अर्थानं. एवढं न्यायालयाच्या गळी उतरवलं की सुटका.

आता सासूबाईंची तयारी करून घ्यायची होती. मी त्यांना समोर बसवायला गेलो, पण त्या कधी जावयासमोर खुर्चीवर बसल्या नव्हत्या. शेवटी त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भाजी निवडत बसल्या आणि मी पाटावर.

“आई, न्यायाधीश मॅडम विचारतील, गुन्हा कबूल आहे का? तुम्ही काय म्हणायचं?”

“न्हाई.”

“शाब्बास. पुढं कधी विचारलं, माल बनावट आहे हे तुम्हाला माहीत होतं का?”

“व्हय की.”

“अहो आई!”

“मग माहीत हुतंच की वो. मीच सगळ्यांना सांगत हुते.”

“ते विसरा. ‘मला माहीत नव्हतं’ एवढंच म्हणायचं. मी सांगतोय म्हणून म्हणा.”

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. पदर सारखा केला. “तुमी जावई. तुमचा शब्द मी खाली पडू द्यायची न्हाई. तुमी म्हनताय तर म्हनते.”

आतून तृप्ती बाळाला थोपटत ओरडली, “आई, नुसतं म्हणू नको, नीट म्हण. तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं.” सासूबाईंनी पुन्हा मेथी उचलली.

तारखेच्या दिवशी मी सासूबाईंना सकाळीच घेऊन कोर्टात आलो. त्यांनी ठेवणीतली नारायणपेठी नेसली होती. न्यायाधीश मॅडम तरुण होत्या, बोलायला शांत. पुकारा झाला. सासूबाई पिंजऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. मॅडमनी आरोप सोप्या मराठीत वाचून सांगितला आणि विचारलं, “तुम्हाला समजलं का? गुन्हा कबूल आहे?”

मी त्यांच्याकडं बघून ‘नाही म्हणा’ अशी मान हलवली.

सासूबाईंनी हात जोडले. “मॅडम, आमच्या जावईबापूंनी सांगितलंय, ‘न्हाई’ म्हनायचं. ‘मला माहीत नव्हतं’ म्हनायचं. ते वकील हायत, त्यांचा शब्द मला मोडायचा न्हाई. म्हनून म्हनते, न्हाई, मला माहीत नव्हतं.” मग त्यांनी एक श्वास घेतला. “हे त्यांचं झालं. आता माझं सांगते. मला सगळं माहीत हुतं. माल मीच मागवला, मीच इकला. दुसऱ्या कुनाचा यात हात न्हाई. गुन्हा कबूल हाय.”

कोर्टात आधी एक क्षण कुणाला काही कळलं नाही. मग मागच्या बाकावरच्या वकिलांना हसू फुटलं. शिपायानं तोंड फिरवलं. सरकारी वकील रुमालानं चष्मा पुसू लागले. माझ्या कानांतून वाफ निघत होती. भुईनं पोटात घ्यावं म्हणतात ते काय, ते मला त्या दिवशी कळलं.

मॅडम हसल्या नाहीत. “ॲडव्होकेट थोरवडे, तुमच्या अशिलाशी बोलून घ्या,” एवढंच म्हणाल्या. मी पिंजऱ्याशी गेलो, दात ओठ खात कुजबुजलो, “आई, हे काय केलंत? अजून वेळ आहे. घाबरून बोलले म्हणा.”

“न्हाई,” सासूबाई म्हणाल्या. आणि मला त्यांनी पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं.

मॅडमनी त्यांना पुन्हा समजावलं. कबुली दिली तर शिक्षा होऊ शकते, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत, कुणी दबाव आणलाय का, विचार करायला वेळ हवा का. सासूबाई प्रत्येक प्रश्नाला नकारार्थी मान हलवत होत्या आणि शेवटी पुन्हा तेच, कबूल हाय. मी मग काय करणार? उभा राहिलो आणि हात जोडून दयेची विनंती केली. पहिलाच गुन्हा, विधवा बाई, वय, घरात तान्हं बाळ, जे सुचेल ते बोलत गेलो.

मॅडम कागद चाळत होत्या. एका पानावर थांबल्या आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं. कंपनीच्या त्या मुलीचा जबाब होता. ‘सदर महिलेने मला स्वतःहून सांगितले की, माल नकली आहे व साखरपुड्यासारख्या कार्यात देऊ नये. सदर महिलेने मला पोहे दिले.’ मॅडमनी सरकारी वकिलांकडं पाहिलं. “हे पोह्यांचं जबाबात कशाला?”

“तिनं आग्रहानं लिहायला लावलं म्हणे, मॅडम,” सरकारी वकील म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीआधी निकाल झाला. कमी शिक्षेची खास कारणं नोंदवून मॅडमनी दंड केला, आणि कोर्ट उठेपर्यंतची साधी कैद. म्हणजे संध्याकाळी न्यायाधीश उठून जाईपर्यंत तिथंच बसून राहायचं, की शिक्षा भोगून झाली. दंड मी लगेच भरून आलो. सासूबाई मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, शाळेत नवीन आलेल्या मुलीसारख्या, पिशवी मांडीवर घेऊन.

सुट्टी झाली, सगळे उठले. शिपाई म्हणाला, “मावशी, जावा, दोन घास खाऊन या. कोण बघत नाही.”

“कोर्ट उठलं का?”

“उठलं नाही, पण—”

“मग बसते मी.”

मीही बसलो. त्यांच्या शेजारी. त्या अंग चोरून सरकल्या, पण उठून उभ्या राहायची सोय नव्हती. रिकाम्या कोर्टात पंखा तेवढा फिरत होता. माझा राग अजून गेला नव्हता.

“आई, इंग्रजीचा मुद्दा एवढा पक्का होता. तुम्ही सुटला असता. वर चार लोकांत माझं हसं केलंत.”

“हसं झालं, व्हय. त्याचं मला वाईट वाटतंय,” त्या म्हणाल्या. “जावईबापू, मला इंग्रजी येत न्हाई. खरं हाय. मग ग्रुपवर फोटूखाली ते सगळं इंग्रजीत कोन लिवत हुतं?”

मी त्यांच्याकडं पाहिलं.

“तृप्ती बाळंतपनाला आली, तिला उठायचं न्हाई सांगितलेलं. दिवसभर पडून पडून कटाळायची. मीच म्हनलं, घे माझा मोबाईल, लिही मी सांगते तसं. मोतीराणीचं नाव, फस्ट कॉपी, रंग, समदं. पोर आपली करमनूक म्हनून लिवायची. तुमी कोर्टात असायचात, तुमाला काय ठावं. ते साहेब आले तवा तुमी यायच्या आधी त्यांनी पयला तोच सवाल केला. हे इंग्रजीत कोन लिवतं? मी म्हनलं, मीच. त्यांनी आतल्या खोलीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. चहा उचलला आन् पुन्हा काय इचारलं न्हाई. भला मानूस.” त्यांनी पिशवीचे बंद बोटांवर गुंडाळले. “आज मला माहीत नव्हतं म्हनले असते, तर फुडचा सवाल काय आला असता? मग कुनाला माहीत हुतं? त्या साहेबांनी येकदा सोडलं. दुसऱ्यांदा कोन सोडंल?”

एवढे महिने मी तो मुद्दा घासूनपुसून लखलखीत केला होता, आणि त्याचं टोक माझ्याच बायकोकडं होतं.

“मला आधी का नाही सांगितलंत?”

“तुमी तिला घरी जाऊन इचारलं असतं. ती अंगावर पाजती हाय. भेदरली असती.” त्या पुटपुटल्या, “तिला ठावंच न्हाई ह्यात तिचं काय हाय. ठावं नगोच. तुमी बोलायचं न्हाई.”

मी त्यांचा हात धरला. जावयानं सासूचा हात धरायची आमच्यात पद्धत नाही, पण मी धरला, आणि त्यांनी सोडवून घेतला नाही. माझी आई मी लहान असतानाच गेली होती. ती असती तर अशीच असती का, असं काहीतरी तेव्हा मनात आलं आणि माझे डोळे भरले. सासूबाई असेपर्यंत मी यातलं काही कुणालाही सांगितलं नाही.

संध्याकाळी मॅडम उठल्या. जाताना त्यांनी मागच्या बाकाकडं एकदा बघितलं. सासूबाई उभ्या राहिल्या, त्यांची पाठ वळेपर्यंत हात जोडून थांबल्या आणि मग मला म्हणाल्या, “झाली?”

“झाली.”

बाहेर व्हरांड्यात तृप्ती बाळाला घेऊन धावतच आली. तिला कुणीतरी फोनवर सगळं सांगितलं होतं. तिचा चेहरा लाल झाला होता. “आई, काय गं हे? एवढं साधं ‘नाही’ म्हणता आलं नाही तुला? यांनी एवढी मरमर केली तुझ्यासाठी! सहा महिने आत टाकलं असतं तर? आमचा विचार केलास का तू जरा? कायम आपलंच खरं, कायम हट्ट!” ती रडत होती आणि भांडत होती.

मी तोंड उघडलं. सासूबाईंनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मी तोंड मिटलं आणि त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

“व्हय बाई,” त्या म्हणाल्या. “चुकलं माझं. आन तिला हिकडं, दमली असशील.” आणि त्यांनी लेकीच्या कडेवरचं बाळ आपल्या कडेवर घेतलं.